रफ या शब्दावरून हात फिरवताना

एकाच पानावर तो शब्द पाच वेळा आला होता आणि पाचही वेळा मी अडले.

पुस्तक लाकूडकामाचं. नवशिक्यांसाठी लिहिलेलं, साध्या सरळ इंग्रजीत. अशा पुस्तकाचं भाषांतर म्हणजे डाव्या हातचा मळ, असं म्हणून मी ते काम घेतलं होतं. लेखक सांगत होता, आधी रफ लाकूड निवडा. मग कागदावर रफ आराखडा काढा. मापं रफली घेतलीत तरी सध्या चालेल. पहिला काप रफच असू द्या. आणि प्रकरणाच्या शेवटी, ज्या म्हाताऱ्या सुताराकडे तो हे सगळं शिकला त्याचे हात. तेही रफ.

शब्दकोश उघडला. खडबडीत, खरखरीत, ओबडधोबड, कच्चा, ढोबळ, उग्र, उद्धट, खवळलेला. कोशाची काही चूक नाही, त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. पण ही यादी वाचताना मला वाटलं की आपण एका माणसाचा पत्ता विचारला आणि समोरच्यानं आठ घरं दाखवली.

गंमत म्हणजे हा शब्द मला परका नव्हताच. रफ वही, रफ काम, रफ वापरायचे कपडे, 'तो गाडी फार रफ चालवतो', 'जरा रफ बोलला तिच्याशी', 'रफली सांगायचं तर'. दिवसातून दहा वेळा तोंडात येणारा शब्द. मग अडलं कुठे? या सगळ्या वापरांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली तेव्हा लक्षात आलं, की यातल्या एकाही ठिकाणी रफ हाताला लागत नाही. रफ वहीचा कागद गुळगुळीत असू शकतो. रफ वापरायचा सदरा धुऊन धुऊन सगळ्यांत मऊ झालेला असतो. मराठीनं हा स्पर्शाचा शब्द घेतला आणि त्यातला स्पर्श बाहेरच ठेवला. स्पर्शासाठी आपल्याकडे शब्दांची काही कमी नव्हती. कमी होती ती 'अजून नीट करायचं राहिलंय, सध्या चालवून घ्या' एवढ्या लांबलचक क्षमायाचनेसाठी एका दोन अक्षरी शब्दाची. (हल्ली केस आणि कातडी 'रफ' होऊ लागली आहेत, हे खरं. पण ते बरंचसं जाहिरातींचं कर्तृत्व.)

आणखी एक गोष्ट. शाळेत इंग्रजी शिकताना रफच्या विरुद्धार्थी स्मूद पाठ केलेला असतो. पण मराठी बोलणाऱ्याला रफचा विरुद्ध शब्द विचारा, तो पटकन 'फेअर' म्हणेल. आधी रफ कर, मग फेअर कर. ही जोडी आपण बनवलेली नाही. खाडाखोड नसलेली, स्वच्छ उतरवलेली प्रत म्हणजे इंग्रजीत फेअर कॉपी. तिथला फेअर न्यायाचा नाही आणि गोऱ्या रंगाचाही नाही. मोकळा, अडथळा नसलेला, असा तो अर्थ. जहाजांना जायला मोकळा असलेला पाण्यातला मार्ग म्हणजे फेअरवे. हाच शब्द पुढे गोल्फच्या मैदानावर आला. छान कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं वाढू दिलेलं, न कापलेलं गवत म्हणजे रफ. चेंडू तिथे गेला की खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा होतो. म्हणजे ज्या जोडीला मी वहीपुरती समजत होते, ती गवतातही नांदत होती.

हे न कापलेलं गवत मला फार उपयोगी पडलं. कारण या शब्दाचं मूळ तिथेच आहे. गवतात नव्हे, केसांत.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'रूह' असा होता. शेवटचा ह घशातून घासून काढलेला. (अरबी-उर्दूतल्या आत्म्याशी त्याचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग.) अर्थ होता केसाळ, झिपरा, न कातरलेला. जनावराचं कातडं रफ, म्हणजे त्यावर केस शाबूत आहेत. जमीन रफ, म्हणजे झुडपं माजली आहेत, नांगर लागलेला नाही. हा जुना अर्थ आज बोलण्यातून गेला, पण नावांमध्ये लपून बसला आहे. कोली जातीच्या कुत्र्यांचे दोन प्रकार आहेत, रफ कोली आणि स्मूद कोली. रफ म्हणजे स्वभावानं तापट नव्हे, लांब केसांचा. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात एक शिकारी पक्षी आहे, रफ-लेग्ड बझार्ड. त्याचे पाय खरखरीत असतील असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. शास्त्रीय नावातही त्याला लागोपस, म्हणजे सशाच्या पायांचा, म्हटलं आहे. मऊ पिसांच्या पायांना रफ म्हणणारी भाषा! पण हजार वर्षं मागे जाऊन पाहिलं, तर ती चुकलेली नाही.

रगेड हा शब्दही असाच केसांतून आलेला आहे. डोंगराला, गाडीला, मर्दानी चेहऱ्याला आज तो लावतात. त्याचं मूळ उत्तर युरोपातल्या, केसांच्या झुबक्यासाठी असलेल्या शब्दात सापडतं, आणि जाड लोकरीच्या गालिच्याला रग म्हणतात तो त्याचाच भाऊबंद.

घशातल्या त्या ह चं पुढे काय झालं, हीसुद्धा मजेची गोष्ट आहे. काही शब्दांत तो विरून गेला आणि काहींत ओठांवर येऊन फ झाला. म्हणून रफ, टफ, इनफ, कफ यांच्या शेवटी फ ऐकू येतो, आणि तीच अक्षरं शेवटी असलेल्या दो, थ्रू, बाव यांत काहीच ऐकू येत नाही. लिहिताना मात्र सगळीकडे तेच जीएच. उच्चार घासून घासून बदलला, स्पेलिंगला कुणी रंधा मारला नाही. जर्मन भावंडाचं नशीब थोडं बरं. तिथे या शब्दाच्या शेवटी मुका ह उरला होता, तो १९९६च्या लेखनसुधारणेत काढून टाकला. काही व्युत्पत्तिकार या घराण्याचं नातं संस्कृत 'रूक्ष'शी जोडतात. सगळ्यांना ते पटेलच असं नाही. पण मला आपली इच्छा आहे की ते खरं असावं. रुक्ष भाषण आणि रफ लाकूड दूरचे चुलत भाऊ निघाले, तर मला काहीच आश्चर्य वाटणार नाही.

एवढं सगळं झालं तरी माझं पान जिथल्या तिथे. लाकडाला काय म्हणू, खडबडीत की खरखरीत?

लिहिताना आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज टाकतो. पण डोळे मिटून विचार केला, की हात फरक सांगतो. रस्ता खडबडीत असतो, खरखरीत नसतो. नव्या टॉवेलला, दाढी वाढलेल्या गालाला खरखरीत म्हणतो, खडबडीत म्हणत नाही. खडबडीत डोळ्यांना दिसतं, चाकांना कळतं, त्यात उंचवटे आणि खळगे वेगवेगळे मोजता येतात. खरखरीत बहुतेक वेळा दिसत नाही. त्यावरून हात फिरवावा लागतो.

डेव्हिड कात्स नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२५ साली स्पर्शावर एक ग्रंथ लिहिला. त्याचं एक निरीक्षण कुणालाही बसल्या जागी करून पाहता येतं. बारीक पोताच्या पृष्ठभागावर बोट नुसतं टेकवा, हलवू नका. पोत जवळजवळ नाहीसा होतो. बोट सरकवा, तो परत येतो. मी टेबलावर, पुस्तकाच्या कापडी बांधणीवर, पॉलिश पेपरच्या तुकड्यावर करून पाहिलं. जाड दाण्यांचा कागद स्थिर बोटालाही टोचतो. बारीक दाण्यांचा मुका राहतो, हललं की बोलतो. पुढच्या संशोधनातून याचं कारण समजत गेलं. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे उंचवटे बोटाच्या कातडीवर जागेनुसार दाबले जातात, त्यांचा जणू नकाशाच उमटतो. त्याहून बारीक पोत कळतो तो कंपनांतून, आणि कंपनं घासल्याशिवाय होत नाहीत.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. खरखर हा मुळात आवाज आहे, घासण्याचा. घासलं नाही तर खरखर नाही. म्हणजे ज्यानं कुणी पहिल्यांदा पृष्ठभागाला 'खरखरीत' म्हटलं, त्यानं हाताची हालचाल शब्दातच बांधून ठेवली. प्रयोगशाळेतल्या दोन खात्यांसाठी मराठीत दोन शब्द तयार होते. एक चालत्या बोटाचा, एक थांबलेल्या बोटाचाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही हे मला कळतं, आणि भाषेच्या अशा योगायोगांवरून फुशारकी मारू नये हेही कळतं. पण त्या दिवशी थोडी मारली.

बोटाचं कौतुक निघालंच आहे म्हणून सांगते. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१३ साली सुरकुत्यांचे अतिसूक्ष्म नमुने बनवले आणि लोकांना डोळे झाकून त्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. सुमारे १३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) उंचीच्या सुरकुत्यांचा पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक बोटाला ओळखता आला. डोळ्यांना कुठल्याही चष्म्यातून हे जमणार नाही.

शब्दांच्या आवाजाबद्दलही असंच काहीसं आहे. आपले 'घासणारे' शब्द ओळीनं म्हणून पाहा. खरखरीत, खरबरीत, रखरखीत, राकट. मग दुसऱ्या बाजूचे. गुळगुळीत, मुलायम, नितळ, तलम, सुळसुळीत. पहिल्या रांगेत जीभ कडकडत जाते, दुसऱ्या रांगेत घसरत. हा मराठीचाच खेळ असेल असं मी धरून चालले होते. पण बोडो विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली तीनशेहून अधिक भाषा तपासून दाखवलं, की जिथे र जीभ थरथरवून उच्चारला जातो, तिथे खरखरीतपणाच्या शब्दांत तो गुळगुळीतपणाच्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतो. रफमध्येही तो आहेच, आजचे इंग्रज त्याला पुरेसा थरथरवत नसले तरी. अर्थात नियम म्हटला की पळवाट आली. 'रेशमी'ची सुरुवातच र नं होते आणि त्यात खरखरीत काही नाही. आणि ओबडधोबड व खडबडीत या दोघांनी र ला हातही न लावता ड वर भागवलं आहे.

रफच्या शेजारी एक शब्द बसलेला असतो, त्याला आणि याला लोक सारखं समजतात. कोर्स. अभ्यासक्रमाचा नव्हे, स्पेलिंगमध्ये ए असलेला. दोघांना वेगळं ठेवायची युक्ती मला मराठीनंच दिली. वाळू, पीठ, कापडाची वीण हे सगळं कोर्स असतं, कारण प्रश्न कण किंवा धागा केवढा आहे याचा असतो, पृष्ठभागाचा नाही. मराठीत आपण त्याला भरड म्हणतो, जाडंभरडं म्हणतो. भरड दळण आणि खरखरीत भिंत यांत कुणाची गल्लत होत नाही. इंग्रजीत होते. पॉलिश पेपरच्या श्रेणी याच मापानं ठरतात. ६० नंबरचा कागद कोर्स, २२० नंबरचा फाइन, म्हणजे आकडा वाढेल तसा दाणा बारीक. नवशिके इथे हमखास फसतात, आणि माझ्या पुस्तकात त्याबद्दल चौकटीत इशारा होता. त्या चौकटीचं भाषांतर मात्र दहा मिनिटांत झालं.

समुद्रापाशी आले की दोन भाषांचा स्वभाव फार वेगळा दिसतो. इंग्रजीत समुद्र रफ असतो आणि हा काही कवीचा शब्द नाही, मोजमापाचा आहे. समुद्राची स्थिती सांगणाऱ्या डग्लस मोजपट्टीत लाटांची उंची २.५ ते ४ मीटर झाली की समुद्र रफ, ४ ते ६ मीटर झाली की व्हेरी रफ. आपण म्हणतो समुद्र खवळला. इंग्रजी वरून हात फिरवल्यासारखं बोलतं, मराठी त्याला राग येऊ देते. भाषांतर करताना इथे कुणी 'खडबडीत समुद्र' लिहिलं तर बोट बुडालीच म्हणून समजा.

उलट हिऱ्याच्या बाबतीत स्पर्श नावालाही नाही. व्यापारात रफ म्हणजे न कापलेला, पैलू न पाडलेला हिरा. अशा हिऱ्यांच्या व्यवहारावर लक्ष ठेवणारी किंबर्ली प्रोसेस नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००३ पासून आहे, आणि तिच्या कागदपत्रांतही रफ डायमंड हाच शब्द आहे. खाणीतून निघालेला आठ बाजूंचा स्फटिक हाताला कधीकधी चक्क तेलकट, निसरडा लागतो म्हणतात. तरी तो रफ. इथे तो आपल्या रफ वहीचा सख्खा भाऊ झाला.

मग स्पर्श पूर्णपणे मेला का? 'माझा दिवस रफ गेला' असं इंग्रज म्हणतो तेव्हा त्याच्या बोटांना काही जाणवतं का? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली हेच पाहिलं. लोकांना पोताची उपमा असलेली वाक्यं ऐकवली, आणि त्याच अर्थाची, उपमा नसलेली वाक्यंही ऐकवली. मेंदूची चित्रं घेतली. उपमा असलेल्या वाक्यांच्या वेळी, बोटांनी पोत जाणवताना कामाला लागणारा मेंदूचा भाग जागा झालेला दिसला. प्रयोग छोटाच होता, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण इतकी वर्षं वापरून वापरून झिजलेला शब्दही हाताला थोडा लागतो, हे मला आवडलं.

झिजण्यावरून आठवलं. रफ म्हणजे वाईट आणि स्मूद म्हणजे चांगलं, हे इंग्रजीचं साधारण गणित. मराठीचं तसं नाही. 'घासून गुळगुळीत झालेला विनोद' यात कौतुक कुठे आहे? 'तो फार गुळगुळीत बोलतो' म्हणजे माणूस सांभाळून असावं असा. उलट राकट माणसावर आपण पटकन विश्वास टाकतो. इंग्रजीतही स्मूद बोलणाऱ्यावर संशय घेतात म्हणा. शेवटी पकड हवी असेल तर थोडं घर्षण लागतंच.

तर ते पान. पाच जागांपैकी पहिली सगळ्यांत सोपी निघाली, कारण लेखकाला लाकडाच्या स्पर्शाशी घेणंदेणं नव्हतंच. करवतीतून निघालेलं, अजून रंधा न लागलेलं लाकूड, एवढंच त्याला म्हणायचं होतं. म्हणून मी 'रंधा न मारलेलं लाकूड' लिहिलं आणि खडबडीत-खरखरीतचं भांडण मिटलं. आराखड्याला कच्चा. इथे आपली भाषा पोताऐवजी पिकण्याकडे वळते. इंग्रजीला जे हाताला बोचतं ते आपल्याला अजून झाडावर असतं. कच्चा मसुदा, कच्ची नोंद, कच्चा रस्ता. पुढे सगळं पक्कं होणार आहे, असा एक भरवसा त्या शब्दात आहे, जो रफमध्ये नाही. मापांना 'ढोबळमानाने'. काप मात्र मी 'रफ काप' असाच ठेवला. कच्चा काप म्हटलं तर काप चुकला असं वाटतं, आणि इथे तर रेषेच्या थोडं बाहेरून, पुढे रंध्याला वाव ठेवून, मुद्दाम तसं कापायचं असतं. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह टाकलं. मी फोन करून म्हटलं, "अहो, करवत चालवणारा माणूसही आता रफच म्हणतो, राहू द्या." राहिलं.

हात राहिले. खरखरीत हात लिहिलं, खोडलं. तो कातडीच्या तक्रारीचा शब्द वाटला, मलम लावलं की जाईल असा. खडबडीत तर शक्यच नाही. रापलेले हात म्हटलं तर ऊन आलं, आणि म्हातारा जन्मभर छपराखाली काम करत होता. राकट हात बरे वाटत होते, पण त्यात दंडाची ताकद येते आणि तळवा सुटतो. दोन दिवस ती ओळ तशीच मोकळी ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी केस विंचरताना फणी अडकली आणि माझ्याच तोंडून निघालं, किती राठ झालेत. राठ. केसांनाही तोच, कष्टानं टणक झालेल्या तळव्यांनाही तोच. र आहे, आणि पुढे ठ. हजार वर्षांपूर्वीचा तो केसाळ रूह जिथून निघाला, तिथे हा आपला शब्द अजून बसलेला होता. फणी तशीच केसांत ठेवून मी टेबलाशी गेले आणि ओळ पुरी केली: त्याचे हात राठ होते, पण लाकडावरून फिरताना त्यांचा आवाज होत नसे.